मुक्काम हिंगोली

आमच्या घरातल्या हागाद्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तीन नोंदी आहेत. हागादा म्हणजे पेसाहच्या, वल्हांडणाच्या रात्री घरात बसून वाचायचं पुस्तक. आमचा पुण्यात १८७४ साली छापलेला, हिब्रूसोबत मराठी, आणि चित्रांचा. कडा झडल्या आहेत, शिवण सुटली आहे आणि पानापानांवर तपकिरी डाग आहेत. ते काळ्या मनुकांच्या सरबताचे. आम्हा बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरी त्या रात्री वाइनऐवजी मनुका भिजवून, कुसकरून, गाळून सरबत करतात. चार पेले प्यायचे असतात आणि पोरं आजूबाजूला असतात, तेव्हा डाग पडणारच.

नोंदी मोडीत आहेत. बाबांना मोडी येत नव्हती, मलाही नाही. आजोबा वारले तेव्हा बाबा वीस-बावीस वर्षांचे होते. आजोबा लहानपणाबद्दल फारसं बोलत नसत, फक्त ‘आमच्या छावणीत’ एवढंच म्हणत. छावणी म्हणजे पुण्याची, असं घरात सगळे धरून चालले. गावाचं नाव ‘हिंग’ने सुरू होतं एवढं बाबांच्या कानावर होतं, त्यावरून पुण्याजवळचं हिंगणे ठरून गेलं. ठाण्याच्या आमच्या घरात पन्नास वर्षं आजोबांचा जन्म हिंगण्यात झाला.

बाबांच्या मागे तो हागादा माझ्याकडे आला. निवृत्तीनंतर मी तो पुण्यात एका मोडी वाचणाऱ्या वृद्ध गृहस्थांसमोर ठेवला. त्यांनी भिंग लावलं, ओठांतल्या ओठांत एकदा वाचलं आणि मग मोठ्याने म्हणाले, “शके १८०९, बिरड्याचे रोजाचे तिसरे दिवशी, मुक्काम हिंगोली, रात्रौ पुत्र जाला.” मग चष्मा काढून मला विचारलं, “बाई, बाकी कळलं. हा बिरड्याचा रोजा काय?”

मला तो शब्द माहीत होता. माझी आजी वापरायची. आता आमच्यात सगळे तिशा बाव म्हणतात, जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या शोकाचा उपवास. पण कोकणातल्या आमच्या जुन्या बायकांनी सणांना मराठी नावं दिली होती. योम किप्पुर हा दार फळणीचा सण, कारण त्या दिवशी घराचं दार लावून आत बसायचं. तांदळाच्या खिरीचा तो खिरीचा सण. आणि ज्या उपवासाच्या जेवणात वालाचं बिरडं, तो बिरड्याचा रोजा. नोंद लिहिणारे पणजोबा शिकलेले होते, त्यांना आव महिन्याची नववी तिथी ठाऊक असणारच. तरी त्यांनी लिहिलं बिरड्याचा रोजा. मला वाटतं, तारीख सांगणारी घरातली म्हातारी असावी आणि त्यांनी ती तिच्याच शब्दांत उतरवली.

पंचांगं जुळवत दोन संध्याकाळी घालवल्या. १८८७ साली आवची नववी शनिवारी आली होती. शब्बाथला शोक पाळत नाहीत, म्हणून उपवास रविवारी, ३१ जुलैला. त्याचा तिसरा दिवस म्हणजे २ ऑगस्ट. उपवासाचा दिवस सोडून मोजला तर ३. आमचा दिवस सूर्यास्ताला बदलतो आणि नोंदीत ‘रात्रौ’ आहे, त्यामुळे याहून नेमकं सांगता येत नाही. श्रावण चालू होता, पाऊस असणार.

दुसरी नोंद १८९० सालची, कन्या, मुक्काम हिंगोली. तिसरी दोन वर्षांनंतरची, तीच कन्या वारल्याची, मुक्काम हिंगोलीच. दोन्ही ठिकाणी मुलीच्या नावावर सरबताचा डाग आहे. गृहस्थांनी पान खिडकीशी धरून, तिरपं करून, सगळ्या बाजूंनी बघितलं. नाव लागलं नाही.

---

आमच्या लोकांना पूर्वज शोधायला निघायचं तर पहिला कागद म्हणजे आडनाव. किहीमचे किहीमकर, दिवेआगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, राजपुरीचे राजपूरकर. आमचं घराणं अष्टमीचं, कुंडलिका नदीच्या एका काठाला रोहा आणि दुसऱ्या काठाला अष्टमी. गाव सोडून चार पिढ्या झाल्या तरी गाव नावाला चिकटलेलं असतं. त्याच्या मागे जायचं तर नवगावचा किनारा येतो. फुटलेल्या गलबतातून सात पुरुष आणि सात बायका तिथे वाचल्या, बाकीच्यांना किनाऱ्यावरच पुरलं, अशी आमची परंपरा आहे. ते किती शतकांपूर्वी घडलं यावर विद्वानांची अनेक मतं आहेत. कोकणात आम्ही तेल गाळणारे झालो आणि शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून शनिवार तेली म्हणवले गेलो. सोमवारी बंद ठेवणारे ते सोमवार तेली. नावंही शेजाऱ्यांसारखीच. मुंबईत मांडवीला १७९६ साली आमचं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे लोकांत सामाजी हसाजी होते. म्हणून जुन्या कागदांत सॅम्युएल शोधणाऱ्याला काही सापडत नाही. सामाजी शोधावा लागतो.

हा शोध माझ्यासाठी हौसेचा आहे, पण माझ्या आत्याच्या पिढीला तो असा नव्हता. आत्या १९६३ साली इस्रायलला गेली. त्या काळी तिथल्या मुख्य रब्बीमंडळाने बेने इस्रायलांच्या लग्नाआधी आईची, आजीची, त्यामागची वंशावळ तपासायचा नियम केला होता. आम्ही पूर्ण ज्यू आहोत की नाही हे पाहायला. ज्यांनी कित्येक शतकं शनिवार पाळला, शेमाची प्रार्थना म्हटली, मुलांची सुंता आठव्या दिवशी केली, त्यांच्याकडे पणजीचा दाखला मागितला गेला. १९६४ च्या उन्हाळ्यात आमच्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं आणि त्याच वर्षी ती अट गेली. आता जनुकांच्या चाचण्या आल्या आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आमच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वारसा आणि इथल्या मातीचा वारसा, दोन्ही मिसळलेले दिसले. आत्याला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “रक्त कुणी मागितलंय? तू नावं शोध. ती पोरगी शोध.”

आत्या इस्रायलमधल्या लोडमध्ये राहते, वय अठ्ठ्याऐंशी. फोनवर मराठीच बोलते, अधूनमधून एखादा हिब्रू शब्द येतो. मी हिंगोलीला निघण्याच्या आदल्या रात्री तिने एक आठवण सांगितली, जी मी आधी ऐकली नव्हती. “बाबा, म्हणजे तुझे आजोबा, माझ्या आजीला आई म्हणायचे नाहीत. माय म्हणायचे. आणि पाहुणे आले की दारात विचारायचे, कधी आलाव? शेजारच्या बायका हसायच्या. काही हरवलं की म्हणायचे, हुडक. आम्हाला वाटायचं पलटणीतल्या कुणा मित्राची सवय लागली असेल.”

---

ठाण्याहून रात्री देवगिरी एक्स्प्रेस धरली, सकाळी परभणीला उतरले आणि एसटीने जिंतूर, औंढा करत हिंगोलीला पोचले. परभणीवरून जाणारी ही लाइन १९०० च्या सुमाराची. पणजोबा आले तेव्हा ती नव्हती. तेव्हा मुंबईहून आगगाडीने अकोला गाठायचं आणि तिथून वाशीममार्गे बैलगाडीने हिंगोली, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. त्यात नदीनाले. मुलगा जन्मला की आठव्या दिवशी सुंता करायची, त्याला जाणकार माणूस लागतो आणि असा माणूस हिंगोलीत असण्याची शक्यता नाही. १८८७ च्या ऑगस्टात, भर पावसात, तो कुठून आणला असेल? जन्माच्या आधीच बोलावून ठेवला असेल का? एसटीच्या खिडकीतून ओली काळी जमीन आणि हळदीची रानं दिसत होती आणि माझं डोकं त्या एका माणसाच्या प्रवासात अडकलं होतं.

घरात सांगतात की पणजोबा पलटणीच्या इस्पितळात हॉस्पिटल असिस्टंट होते. बेने इस्रायलांची पलटणीशी ओळख जुनी. मुंबई इलाख्याच्या फौजेत आमचे पुष्कळ लोक होते, अधिकारीपदापर्यंत चढलेले. पुढे जातवार कंपन्या करायचं धोरण आलं. आमची एक कंपनी भरेल एवढी माणसंच नव्हती, मग लोक इस्पितळात, रेल्वेत, टपालात, कारकुनीत शिरले. हिंगोलीची छावणी हैदराबाद कंटिंजंटची होती. पैसा निजामाचा, अधिकारी इंग्रज. त्याच फौजेच्या खर्चापोटी १८५३ साली निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. १९०३ साली ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली आणि छावणी उठली. आजोबा तेव्हा सोळा वर्षांचे होते.

म्हणजे सोळा वर्षं, लहानपण सगळं, इथे गेलं.

छावणीचं आता काय उरलं आहे, असं लॉजच्या मॅनेजरला विचारलं, तर त्याने पत्ते सांगितले. रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा. मी वहीत लिहून घेताना थांबले. रिसाला म्हणजे घोडदळ. घोडे जाऊन सव्वाशे वर्षं झाली आणि माणसं अजून रिक्षावाल्याला रिसाला बाजार सांगतात. आमच्या आडनावात अष्टमी राहिली तसंच हे.

चहाच्या टपरीवर एक पंजाबी कुटुंब भेटलं. नांदेडला हुजूर साहिबचं दर्शन घेऊन नर्सीला निघालं होतं. नामदेवांचं नर्सी इथून जवळच. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, म्हणून पंजाबातली माणसं या आडगावच्या मातीला हात लावायला येतात. त्यातल्या आजीने मला विचारलं, तुम्हीही दर्शनाला का? मी म्हटलं, हो.

रिसाला बाजारात दीड तास नुसती फिरले. जुन्या भिंती शोधाव्यात तर सगळीकडे सिमेंट आणि पत्रे. कोणतं घर, कोणतं इस्पितळ, काही अंदाज लागेना. एका दुकानाच्या पायरीवर धोतर-बंडीतले एक म्हातारे बसले होते. मी तिसऱ्यांदा समोरून गेले तेव्हा त्यांनी हाक मारली.

“काय हुडकायलाव, माय?”

मी तिथेच उभी राहिले. हुडकायलाव. माय. आत्याने फोनवर सांगितलेले दोन्ही शब्द एका वाक्यात, एका अनोळखी माणसाच्या तोंडून. आजोबांना मी पाहिलेलं नाही. मी जन्मण्याआधी बारा वर्षं ते गेले. त्यांचा आवाज कुठे नोंदलेला नाही. पण ते बोलत कसे असतील हे मला त्या पायरीपाशी कळलं. हैदराबादच्या दफ्तरखान्यात किंवा लंडनच्या ग्रंथालयात मला एखादा हजेरीपट मिळाला असता तर आनंदच झाला असता, पण त्यात हे नसतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. ज्यू म्हणजे कोण हे त्यांना माहीत नव्हतं, मी तेल्याच्या घाण्यापासून सुरुवात केली. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, “म्हंजी तुमचे आजे हितलेच की. मंग असं परक्यावानी काहून फिरायलाव?” जुने कागद कुठे मिळतील या प्रश्नावर त्यांनी हात हलवला. निजामाच्या वेळचे कागद उर्दूत, त्यांच्या वडलांना वाचता यायचे, त्यांना नाही. आणि पलटणीचे कागद पलटणीबरोबर गेले. “पण पेन्शनपुऱ्यात चला. पेन्शनीत निघालेले शिपाई तिथंच राह्यले म्हणून ते नाव. तिथं म्हाताऱ्या बाया हाईत.”

वाटेत बाजार लागला. मला एक गोष्ट बघायची होती. किराणा दुकानात मी कडवे वाल मागितले. दुकानदाराने आधी पावटा दाखवला, मग मटकी. कडवे वाल हे नाव त्याने ऐकलं होतं, माल ठेवत नव्हता. “तिकडं कोकणात खातेत ते.” मग माझ्या पणजीने आणि तिच्या सासूने बिरड्याच्या रोजाला मोड कशाला आणले असतील? अष्टमीहून कुणी येताना पिशवीत घेऊन आलं असेल, नाहीतर मटकीवर भागवलं असेल आणि नाव बिरड्याचंच ठेवलं असेल. मी अर्धा किलो मटकी घेतली.

---

पेन्शनपुऱ्यात एका घराच्या ओट्यावर एक आजी तांदूळ निवडत होत्या. डोक्यावर पांढरी ओढणी, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. माझ्यासोबत आलेल्या त्या म्हाताऱ्या बाबांनी दारातूनच सांगून टाकलं, “ह्या मुंबईहून आल्यात. ह्यांच्या आज्याची बहीण हितं वारली, लहानपणी. कबर हुडकायल्यात.”

मी कबर शोधते आहे असं मी म्हटलं नव्हतं. पण तेच खरं होतं.

आमच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय काद्दीश, मृतांसाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही. हिंगोलीत एकाच घरचे लोक. पणजोबांनी ती दोन वर्षांची मुलगी कुठे नेली असेल? निजामाच्या राज्यातल्या युरोपीय थडग्यांवरच्या लेखांची क्रॉफ्टन यांनी केलेली एक छापील यादी आहे. कोण कर्नल, कोण कॅप्टन, कुणाची बायको, पटकीने गेलेलं कुणाचं बाळ. त्या यादीत आमची मुलगी असायचं कारण नाही. ख्रिस्ती दफनभूमीत तिला जागा मिळाली असेल? मुसलमान शेजाऱ्यांनी आपल्या कबरस्तानात कोपरा दिला असेल? कोकणात आमची दफनभूमी गावोगाव आहे, अलिबागला तर इस्रायल आळी आहे, मुलगी तिथे गेली असती तर तिच्यावर हिब्रू आणि मराठीत चार अक्षरं कोरली गेली असती. इथे तिच्या बापाने ती एका ओळीत हागाद्यावर लिहिली आणि दर पेसाहला तेच पुस्तक उघडून वाचलं. सरबत सांडलं ते त्याच पानावर.

आजींनी ताट बाजूला सारलं. “बच्ची का नाम क्या था?”

मी पिशवीतून हागादा काढून शेवटचं पान दाखवलं. त्यांनी डागावरून बोट फिरवलं, अगदी हलकं, लहान मुलाच्या कपाळावरून फिरवावं तसं. “मिट गया,” त्या म्हणाल्या. मग उठल्या, आत गेल्या आणि मागच्या अंगणातून हातात सब्ज्याची काडी घेऊन आल्या.

सब्जा आमच्याकडे मलिद्याच्या ताटाजवळ असतो. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं, आणि सब्जा हुंगून म्हणायची एक बेराखा, सुवासाबद्दल देवाचे आभार. आमच्यात मयताजवळही सब्जा ठेवतात. हे त्या आजींना कुठून माहीत असणार? मी विचारलं, हा कशाला? त्या म्हणाल्या, “हमारे यहाँ कबर पे डालते. कबर नै मिली तो क्या हुआ, तुम ले जाव.”

त्यांच्या ओट्यावर बसून मी चहा घेतला. बाबांनी त्यांच्या वडलांच्या आठवणी सांगितल्या, आजींनी त्यांच्या सासूच्या. माझ्या शोधात घालता येईल असं त्यात काही नव्हतं, तरी मी सगळं वहीत लिहून घेतलं. आणखी चाळीस वर्षांनी कुणीतरी हिंगोलीला येईल आणि ही दोन माणसं शोधत असेल. निघताना आजी म्हणाल्या, परत ये. बाबा म्हणाले, “पुन्यांदा आलाव की घरीच उतरा. लाजमध्ये कशाला?”

संध्याकाळी कयाधूच्या पुलावर जाऊन आले. नदीला गढूळ पाणी होतं. परत लॉजवर येऊन आत्याला फोन लावला. दुपारी बाबांच्या परवानगीने मी त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं, तिला ते ऐकवलं. ती काही बोलली नाही. मला वाटलं फोन कटला.

“परत लाव,” ती म्हणाली.

मी परत लावलं.

“कबर मिळाली?”

“नाही आत्या. नावही नाही.”

“बाबा तिला ताई म्हणायचे,” आत्या म्हणाली. “लहान होती ना त्यांच्याहून, तरी. आज आठवलं. कधीतरी एकदा म्हणाले होते, आमची ताई पावसाळ्यात गेली.”

मी दिवा लावला आणि हागाद्याचं शेवटचं पान उघडलं. सब्ज्याची काडी त्या डागावर ठेवली आणि पुस्तक मिटलं. खोलीभर वास होता. मी बेराखा म्हटली. मटकी भिजत घातली आहे असं वाटत होतं, पण पुडी तशीच टेबलावर पडलेली होती. बाजारातून आल्यापासून मी ती उघडलीच नव्हती. उठून मॅनेजरकडून एक वाडगा मागून आणला आणि मूठभर मटकी पाण्यात टाकली.